माझ्या फाइलीतली दुसरी बाई

फोनमध्ये ठेवलेल्या नोंदी, स्पेलिंग नीट करून. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे तारीख, पुरावा आणि ‘नेमकं काय दिसलं’ लिहायची खोड आहे. ज्या क्रेडिट ब्यूरोशी, म्हणजे लोकांच्या कर्ज-हप्त्यांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीशी, भांडले, त्याचं नाव घालत नाही. अमेरिकेत मोठे तीन आहेत, त्यांतला एक.

२२ मार्च २०२५

पाडव्याला गाडी दारात हवी म्हणून डीलरकडे गेलो. रंग ठरला, किंमत ठरली, कर्ज माझ्या नावावर. फायनान्सवाला आत गेला तो वीस मिनिटांनी बाहेर आला, आणि आता माझ्याशी न बोलता नवऱ्याशी बोलायला लागला. माझ्या नावावर जमणार नाही म्हणाला. टेक्सासमधल्या गाडीचे हप्ते थकलेत.

टेक्सासशी माझा संबंध एवढाच, की डॅलसच्या विमानतळावर एकदा तीन तास बसले होते.

३० मार्च, पाडवा

गाडी आली, नवऱ्याच्या नावावर. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आईला व्हिडिओवर दाखवली. सांगलीहून तिचा पहिला प्रश्न: “तुझ्या नावावर का नाही घेतली?” सांगितलं. थोडा वेळ गप्प. मग हळू आवाजात, “कुणाचं काही देणं ठेवलंयस का गं?”

इथवर मी हे हसण्यावारी नेत होते.

२ एप्रिल

कर्ज नाकारल्याचं पत्र आलं. असं पत्र कायद्यानं पाठवावंच लागतं, आणि कुठल्या ब्यूरोचा रिपोर्ट बघून नाकारलं तेही त्यात लिहावं लागतं. त्या ब्यूरोचा रिपोर्ट ६० दिवसांत फुकट मागता येतो. शिवाय अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर तिन्ही ब्यूरोंचे रिपोर्ट आता दर आठवड्याला फुकट मिळतात. नाव ‘अ‍ॅन्युअल’, पण असो. तिन्ही काढले.

दोन स्वच्छ. तिसऱ्यात मी आहे आणि आणखी एक बाई आहे.

पहिल्याच पानावर ‘या नावांनीही परिचित’ असा रकाना. त्यात तीन नावं. पहिलं नाव आणि आडनाव तिन्हींत तेच, फरक फक्त मधल्या अक्षरात. पहिल्यात ‘व्ही’, म्हणजे बाबा. दुसऱ्यात ‘ए’, म्हणजे नवरा. तिसऱ्यात ‘पी’. हा पी कोण?

माझं नाव आणि आडनाव दोन्ही महाराष्ट्रात पायलीचे पन्नास. आपल्याकडे माणूस ओळखायला मधलं नावच लागतं. शाळेच्या हजेरीत माझ्या वर्गात माझ्या नावाच्या तिघी होत्या आणि बाई बापाच्या नावानं हाक मारायच्या. इथल्या कॉम्प्युटरला मधलं नाव म्हणजे शोभेचं. त्यातून लग्नानंतर माझं मधलं नाव खरंच बदललं, त्यामुळे ‘हिची मधली नावं बदलत असतात’ अशी त्याची समजूत झाली असणार.

पीबाईंच्या नोंदी माझ्या फाइलीत अशा: टेक्सासच्या एका बँकेचं गाडीचं कर्ज, ६० दिवस थकीत. एका दुकानाचं कार्ड, १,८४६ डॉलर बुडीत खाती. एका जिमची ३१२ डॉलरची वसुली. टेक्सासमधले दोन पत्ते. नोकरीच्या रकान्यात एक डेकेअर.

नवरा म्हणाला, “जुळी बहीण सापडली तुझी.”

६ एप्रिल

ब्यूरोच्या साइटवर तक्रार केली. तीन नोंदी, प्रत्येकीसमोर एक ड्रॉपडाउन: ‘हे खातं माझं नाही’. समजावून सांगायला जागा जेमतेम. पुरावे जोडायला गेले तर पान अडकलं. दहा मिनिटांत काम झालं म्हणून खूश झाले. ही चूक होती, ते पुढे कळलं.

१५ एप्रिल

निकाल: तिन्ही नोंदी ‘व्हेरिफाइड’.

आमच्या धंद्यात हा शब्द जपून वापरतात. बग व्हेरिफाइड म्हणजे कुणीतरी स्वतः बसून, पायरीपायरीनं जाऊन, डोळ्यांनी पाहिलेलं असतं. इथे काय होतं ते आज वाचलं. तक्रार आली की तिला एक सांकेतिक कोड लावतात आणि ई-ऑस्कर नावाच्या यंत्रणेतून ती बँकेकडे जाते. बँकेचा कॉम्प्युटर आपल्या नोंदीशी ताडून पाहतो. असं खातं आहे का? आहे. एवढी रक्कम आहे का? आहे. परत ‘व्हेरिफाइड’. खातं खरंच आहे, थकलंही खरंच आहे. कुणाचं, एवढंच कुणी विचारलं नाही.

१९ एप्रिल

शनिवार वाचण्यात गेला. ट्रान्सयुनियन (तीन ब्यूरोंपैकी एक) विरुद्ध रामिरेझ, सुप्रीम कोर्ट, २५ जून २०२१. २०११ साली हा रामिरेझ इथून तासाभरावरच्या, कॅलिफोर्नियातल्याच डब्लिनला निसानची गाडी घ्यायला गेला. त्याच्या रिपोर्टवर इशारा होता, की नाव सरकारच्या दहशतवादी आणि अमली पदार्थवाल्यांच्या यादीशी जुळतं. जुळवणी फक्त नाव आणि आडनावाची. जन्मतारीख बघितलीच नव्हती. शेवटी गाडी त्याच्या बायकोनं आपल्या नावावर घेतली.

आमच्याकडे नवऱ्यानं घेतली, एवढाच फरक.

असे ८,१८५ लोक निघाले. कोर्टानं त्यांतल्या १,८५३ जणांनाच दावा लावायचा हक्क आहे म्हटलं, कारण तेवढ्यांचेच रिपोर्ट बाहेर कुणाला पाठवले होते. बाकीच्यांची चूक फाइलीत पडून होती, म्हणून ठोस नुकसान नाही. माझा रिपोर्ट बाहेर गेलाय आणि त्यावर नकारही आलाय. नकाराचं पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं.

२६ एप्रिल

आता कागदावर. दोन पानी पत्र. वर स्पष्ट मथळा: माझी फाइल दुसऱ्या व्यक्तीच्या फाइलीत मिसळली आहे. खाली एकेक नोंद, तिच्यासमोर ती माझी का नाही. सोबत ड्रायव्हिंग लायसन्स, सोशल सिक्युरिटी कार्ड (आपल्या आधारसारखं, नंबरचं), विजेचं बिल, २०१६ पासूनच्या तिन्ही भाडेकरारांची पहिली पानं आणि रिपोर्टची पानं, चुकीच्या ओळी लाल पेनानं गोल करून. सर्टिफाइड पोस्ट, हिरव्या पोचपावतीसह. दहाएक डॉलर.

नवऱ्याला वाटतं मी वाढवतेय. कदाचित.

१ मे

हिरवं कार्ड सांगतं, पत्र आज पोचलं. घड्याळ सुरू. १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टप्रमाणे त्यांना फेरतपासणीला ३० दिवस. आपण मधेच आणखी कागद दिले तर १५ वाढतात, म्हणून आता काहीही पाठवायचं नाही. संध्याकाळी मंडळात महाराष्ट्र दिन होता, बटाटेवडे बरे होते.

४ जून

उत्तर. जिमची वसुली काढली. गाडीचं कर्ज आणि दुकानाचं कार्ड ‘व्हेरिफाइड’. पत्ते तसेच.

एक नोंद निघाली म्हणजे ‘ही बाई वेगळी आहे’ हे त्यांनी मानलं ना? मग उरलेल्या दोन कुणाच्या?

१४ जून

केंद्र सरकारच्या ग्राहक वित्त संरक्षण कार्यालयाकडे, म्हणजे सीएफपीबीकडे, ऑनलाइन तक्रार. कंपनीनं साधारण १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. टेक्सासच्या बँकेलाही वेगळं पत्र घातलं: माझ्या सोशल सिक्युरिटी नंबरवर तुमच्याकडे खातं आहे का, ते लेखी कळवा.

२७ जून

सीएफपीबीमार्फत ब्यूरोचं उत्तर: या बाबीची तपासणी आधीच झालेली आहे. बस.

११ जुलै

बँकेचं पत्र! चार ओळींचं: तुम्ही दिलेल्या सोशल सिक्युरिटी नंबरवर आणि जन्मतारखेवर आमच्याकडे कुठलंही खातं नाही.

हीच बँक ब्यूरोला दोनदा ‘व्हेरिफाइड’ म्हणाली होती. बँक दोन्ही वेळा खरंच बोलली. प्रश्न वेगळा विचारला की उत्तर वेगळं येतं. हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवते आणि स्वतःच्या बाबतीत कळायला मला तीन महिने लागले.

१९ जुलै

दुसरं सर्टिफाइड पत्र, बँकेच्या पत्रासह. या वेळी रागात शेवटी एक ओळ टाकली: नोंदी काढा आणि झालेल्या त्रासाचे १,००० डॉलर द्या. नवरा वाचून हसला. पण ती ओळ पुढे उपयोगी पडली.

२० ऑगस्ट

सगळ्यात विचित्र दिवस. गाडीचं कर्ज निघालं. दुकानाचं कार्ड तसंच. आणि जूनमध्ये काढलेली जिमची वसुली परत आलीय! तेच ३१२ डॉलर.

बंद केलेला बग रीओपन. काढलेली नोंद परत घालायची तर ती पाठवणाऱ्या कंपनीनं ती खरी असल्याचं प्रमाणित करावं लागतं, आणि ब्यूरोनं पाच कामकाजाच्या दिवसांत आपल्याला लेखी कळवावं लागतं. मला काहीही आलेलं नाही. मी रिपोर्ट काढला म्हणून दिसलं.

आजवर मी दुरुस्ती मागत होते. आज वाटलं, याची किंमत लागल्याशिवाय हे लोक फाइल उघडणार नाहीत.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. मोदकाचं सारण हलवता हलवता काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) सल्लागाराला फोन. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीत ही सेवा फुकट असते. बाई शांत, थकलेल्या आवाजाच्या, पण पक्क्या. कळलं ते असं:

इथे माणसाला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो. सुनावणीत वकील उभा करता येत नाही, मला नाही आणि कंपनीलाही नाही. कंपनीनं आपला नोकर पाठवायचा. मी हरले तर मला अपील नाही; ते हरले तर त्यांना ३० दिवसांत आहे, आणि तिथे मग वकील चालतो. हे कोर्ट मुळात पैशांचं. ‘नोंद काढा’ असा हुकूम मिळेल या आशेवर येऊ नका. आणि दाव्याआधी पैसे मागितलेले असले पाहिजेत. फॉर्मवर तो प्रश्नच आहे. (जुलैतली रागाची ओळ!)

आणखी एक. दावा केंद्राच्या कायद्याखाली लावला की अशा कंपन्या तो उचलून फेडरल कोर्टात नेऊ शकतात, आणि तिथे एकटीनं लढणं म्हणजे दुसरी नोकरी. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा क्रेडिट रिपोर्टिंगचा कायदा आहे. मुद्दाम केलेल्या उल्लंघनाला त्यात दर वेळी १०० ते ५,००० डॉलरपर्यंत दंडात्मक भरपाई आहे. मी फक्त त्यावरच टेकायचं ठरवलं.

नवरा म्हणाला, फेडरलला गेलो तर जास्त मिळेल ना? मिळतंही. ओरेगॉनमध्ये २०१३ साली अशाच मिसळलेल्या फाइलीसाठी ज्यूरीनं एका बाईला १ कोटी ८६ लाख डॉलर दिले होते. न्यायाधीशांनी पुढे आकडा पुष्कळ खाली आणला. पण तिला तिथवर जायला वकील आणि वर्षं लागली. मला जुळ्या बहिणीपासून वाटणी हवी होती, एवढंच.

सारण थोडं करपलं.

२ सप्टेंबर

दाव्याचा फॉर्म, एससी-१००, भरला. मागणी ४,९०० डॉलर. एवढ्याला फी ५० डॉलर, पाच हजारांच्या वर गेलं की ७५. ‘प्रतिवादी तुमचं देणं का लागतो’ या प्रश्नापुढे चार ओळींची जागा. सहा महिने चार ओळींत बसवायला दीड तास लागला.

प्रतिवादीचं नाव बिनचूक लागतं. जाहिरातीतलं नाव वेगळं, नोंदणीचं वेगळं. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे राज्यात कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या, साइटवर शोधलं; समन्स घेणाऱ्या नोंदणीकृत एजंटचा पत्ताही तिथेच मिळतो. सॅक्रामेंटो.

तारीख मिळाली: २३ ऑक्टोबर. कॅलेंडरवर टाकायला गेले तर तिथे आधीच लिहिलेलं होतं, भाऊबीज.

१२ सप्टेंबर

समन्स स्वतः देता येत नाही. खटल्यात नसलेला, अठरा वर्षांवरचा कुणीही चालतो. प्रतिवादी दुसऱ्या काउंटीतला असल्यानं सुनावणीच्या किमान २० दिवस आधी. मंडळातले एक काका मुलीकडे सॅक्रामेंटोला निघालेच होते.

दुपारी त्यांचा फोन. काउंटरवरच्या पोरानं कागद घेतला आणि ‘झालं’ म्हणाला. काका हलले नाहीत. “मी म्हटलं, बाबा, तुझं नाव सांग, मी लिहून घेतो. तीस वर्षं तहसीलदार कचेरीत काढलीत मी.” वेळ, नाव, पत्ता सगळं पावतीच्या मागे लिहून आणलं. घरी येऊन समन्स दिल्याच्या फॉर्मवर, एससी-१०४ वर, सही केली आणि विचारलं, “म्हणजे मी आता अमेरिकेत बेलिफ झालो काय?”

पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. चकल्या पाठवल्या.

३० सप्टेंबर

एका लॉ फर्ममधून फोन. सुनावणीत वकील चालत नाही, फोनवर चालतो. गोड आवाज. सगळ्या नोंदी काढतो, ७५० डॉलर देतो, दावा मागे घ्या, आणि याबद्दल कुठे बोलायचं नाही.

सहा महिन्यांत या कंपनीकडून माझ्याशी बोललेला हा पहिला माणूस. पन्नास डॉलरच्या फॉर्मनं जे झालं ते तीस-चाळीस पानी पुराव्यांनी झालं नव्हतं. न बोलण्याची अट नको म्हटलं. विचारून सांगतो म्हणाला. परत फोन नाही.

८ ऑक्टोबर

पत्र: दोन्ही उरलेल्या नोंदी काढल्या. कारण दिलेलं नाही. सुनावणीत ‘आता तक्रारच उरली नाही’ म्हणतील, हे उघड आहे.

१५ ऑक्टोबर

दावा फेडरल कोर्टात न्यायची, समन्सनंतरची ३० दिवसांची मुदत होऊन गेली. नेला नाही. हुश्श.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सॅन होजे. सकाळी साडेआठ. बाहेरच्या बाकांवर घरमालक-भाडेकरू, एक गॅरेजवाला, कुत्रा चावल्याचे फोटो घेऊन बसलेली एक आजी. बसलेले न्यायाधीश हंगामी होते, म्हणजे एरवी वकिली करणारे. दोन्ही बाजूंची संमती घेतात, दिली. कंपनीचा माणूस व्हिडिओवर. मागे पुस्तकांचं खोटं कपाट.

मी तीन कागद वर ठेवले होते: कर्ज नाकारल्याचं पत्र, बँकेचं ‘खातं नाही’चं पत्र, जून आणि ऑगस्टचे रिपोर्ट शेजारी शेजारी. बाकी फोल्डर उघडायलाच लागला नाही.

न्यायाधीशांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की मी गारठले. तुमच्या फाइलीत दोन मधली नावं आहेत आणि दोन्ही तुमचीच म्हणता. मग तिसरंही तुमचं नाही हे कंपनीनं कसं ओळखायचं?

सगळी तयारी केली होती, ही नाही. सांगायला लागले. आमच्यात मधलं नाव म्हणजे वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. तिसऱ्यासाठी दुसरं लग्न व्हायला हवं होतं. मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश नाही. मग जरा भानावर आले आणि म्हटलं, नावावरून ओळखायला मी सांगतच नाहीये. नावावरून ओळखता येत नाही, हेच तर मी पत्रात लिहिलं होतं. माझी जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर बँकेला दिला, बँकेनं चार ओळींत उत्तर दिलं. त्यांनीही तेवढंच विचारायचं होतं.

कंपनीच्या माणसाला विचारलं, तुम्ही काय तपासलं? त्यानं वाचून दाखवलं: नोंद पाठवणाऱ्या कंपनीनं यंत्रणेमार्फत नोंद बरोबर असल्याचं कळवलं. आणि जिमची नोंद परत आली तेव्हा यांना कळवलं होतं का? तो कागद चाळत राहिला. तशी नोंद समोर नाही म्हणाला.

मग माझ्याकडे वळून: प्रत्यक्ष नुकसान किती? इथे मी लंगडी. गाडी तर मिळाली. पोस्टाच्या पावत्या, तीन अर्ध्या रजा, पगाराची स्लिप. बाकी आईचा तो प्रश्न, पण त्याची पावती नव्हती. सांगितला नाही.

सगळं मिळून सोळा मिनिटं. निकाल पोस्टानं येईल. घरी भाऊ व्हिडिओवर वाट बघत होता, स्क्रीनलाच ओवाळलं.

६ नोव्हेंबर

निकाल. माझ्या बाजूनं: १,९०० डॉलर आणि ५० डॉलर खर्च. कारणं लिहिलेली नाहीत, फॉर्मवर फक्त आकडे. अपिलाचे ३० दिवस सुरू.

११ डिसेंबर

अपील नाही. चेक आला, साध्या लिफाफ्यात, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. पैसे मिळाल्याचं कोर्टाला आपणच कळवायचं असतं, एससी-२९० वर. भरून पाठवला. काकांना जेवायला बोलावलं. त्यांना निकालाची झेरॉक्स हवी होती, ‘बेलिफाच्या फाइलीसाठी’.

हिशोब: पोस्ट ४१ डॉलर, कोर्ट फी ५० (परत मिळाली), रजा दीड दिवस, घरचे तास साधारण साठ. पीबाईंचा विचार अधूनमधून येतो. तिची थकबाकी माझ्याकडे आली, तशी माझी वेळेवर भरलेली कार्डं तिच्याकडे गेली असतील तर सहा महिने तिची पत बरी चालली असेल. असो, तिच्या उपयोगी पडले.

१७ जानेवारी २०२६

रिपोर्ट काढला. नावं दोन, दोन्ही माझी. पत्ते तीन, तिन्हींत मी राहिलेय. नोकरीच्या रकान्यात अजून टेक्सासचं डेकेअर.

नवरा म्हणाला, “राहू दे आता.”

कपाटात सर्टिफाइडचे दोन फॉर्म उरले होते. एक भरायला घेतला.